पहिला गेमिंग पीसी : कोटेशन आलंय, पार्ट एकमेकांना जुळतात का बघाल? (नाशिक)

सोमेश्वर
नमस्कार मंडळी. बारावी झालेल्या भाचीसाठी पीसी जोडायचा आहे. फुल एचडीवर गेम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग, एवढंच काम. बजेट मॉनिटर आणि यूपीएस धरून नव्वद हजारांच्या आसपास. गावातल्या एका दुकानातून हे कोटेशन मिळालंय :

प्रोसेसर : रायझन ५ ७६००
बोर्ड : बी५५०एम
रॅम : १६ जीबी डीडीआर५ ५६००, एक स्टिक
ग्राफिक्स कार्ड : आरटीएक्स ५०६०, ८ जीबी, तीन पंख्यांचं
एसएसडी : ५०० जीबी एनव्हीएमई
कॅबिनेट : काचेचं, ५०० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सोबत
मॉनिटर : २४ इंची, १६५ हर्ट्झ
यूपीएस : ६०० व्हीए

हे सगळं एकमेकांत बसेल का? पैसे भरायच्या आधी विचारतोय.

तपोवन
अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. पहिल्या दोन ओळींचीच पत्रिका जुळत नाही. रायझन ७६०० हा एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) आणि बी५५० बोर्ड एएम४ सॉकेटचा. प्रोसेसर त्यात बसणारच नाही. शिवाय बी५५०वर फक्त डीडीआर४ रॅम चालते आणि तुमच्या यादीत डीडीआर५ आहे. पिना दोन्हींना २८८च, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये उतरत नाही. जोर लावला तर स्लॉटच फुटेल.

बी६५०च्या जागी चुकून बी५५० टाइप झालं असेल. तरी बिलावर बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. नुसतं ‘बी६५०’ पुरेसं नाही.

चामरलेणी
तपोवन यांच्याशी सहमत. सॉकेटचा हिशोब एकदा नीट लिहितो, कारण सगळी निवड इथूनच सुरू होते.

एएम४ : रायझन १००० ते ५०००, रॅम डीडीआर४. प्रोसेसरच्या पोटाला पिना.
एएम५ : रायझन ७०००, ८०००, ९०००, रॅम फक्त डीडीआर५. पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, १७१८.
एलजीए १७०० : इंटेल १२वी, १३वी, १४वी पिढी. इथे खरा घोळ होतो, कारण काही बोर्ड डीडीआर४चे आणि काही डीडीआर५चे. चिपसेटचं, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपचं, नाव तेच असतं, म्हणून मॉडेलच्या नावात ‘डी४’ आहे का ते पाहावं लागतं.
एलजीए १८५१ : इंटेल कोअर अल्ट्रा २००, २०२४पासून, फक्त डीडीआर५.

सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५६०० बसतो, पण बोर्डात जुनं बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) असेल तर पीसी उठत नाही. बी६५०वर ९०००च्या मालिकेचंही तेच. बोर्ड कंपनीच्या साइटवर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते. आपला प्रोसेसर कुठल्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. पहिल्यांदा जोडणाऱ्याने मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला तर उत्तम. त्यात प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं.

रामशेज
मी वेगळं मत मांडतो. एएम४वरच जा. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० किंवा ३६००ची ८-८ची जोडी. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव चढले आणि त्याचा मोठा फटका डीडीआर५ला बसला. इथे वाचलेले पैसे कार्डात घाला. गेमिंग पीसीत फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं) कार्ड देतं.

फक्त ५५०० किंवा ५६००जी घेऊ नका. दोन्हींत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६००मध्ये ३२. आणि दोन्ही पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.०वर अडकलेले. तुमचं ५०६० कार्ड आठच लेनचं आहे, म्हणजे त्याचा रस्ता आधीच अर्ध्या रुंदीचा. त्यावर पीसीआयई ३.० आलं की आणखी अरुंद. ८ जीबी मेमरी भरल्यावर कार्डाला मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि तेव्हाच गेम अडखळतो.

तपोवन
@रामशेज, लेनचा मुद्दा बिनतोड, पण एएम४चा सल्ला पटत नाही. डीडीआर४चेही भाव चढलेच आहेत, त्यामुळे फरक वाटतो तेवढा उरलेला नाही. दुसरं म्हणजे एएम४ची वाट संपली. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केलंय. तीन वर्षांनी भाचीला नुसता प्रोसेसर बदलता येईल, बोर्ड आणि रॅम तीच.

पैसे वाचवायचेच तर ए६२० बोर्ड घ्या. ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, ताणला तर ८८ वॅटपर्यंत जातो. बऱ्या बनावटीचा ए६२० तेवढं सहज पेलतो. ए६२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण रॅमचं एक्स्पो (रॅम छापलेल्या वेगाने चालवायचं बायोसमधलं सेटिंग) चालतं.

सिडकोकर
७६०० ऐवजी ७५००एफ मिळाला तर? स्वस्त पडतो.

चामरलेणी
@सिडकोकर, गेममध्ये फरक नगण्य. पण ७५००एफमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. उद्या कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत पीसी आंधळा. ७६००मध्ये किरकोळ का होईना ग्राफिक्स आहेत, मॉनिटर बोर्डाला लावून काम चालतं. ‘डिस्प्ले का येत नाही’ हे शोधतानाही उपयोग होतो. पहिल्या पीसीला मी ७६००च घेईन. शिवाय डब्यातल्या ७६०० सोबत कूलर येतो.

‘डब्यातला’ हा शब्द मुद्दाम लिहिला. ट्रेचा, म्हणजे सुटा प्रोसेसर स्वस्तात दाखवतात. डब्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवाल्याला दुकानदार देईल तेवढीच.

गोदाकाठ
आता रॅम. एका स्टिकला माझा विरोध आहे. रायझनला दोन चॅनल लागतात. एकाच स्टिकवर प्रोसेसरला डेटा निम्म्या वेगाने पोहोचतो आणि गेममध्ये सरासरीपेक्षा खालच्या फ्रेम जास्त कोसळतात. ‘डीडीआर५ची एकच स्टिक आतून ड्युअल चॅनल असते’ असं दुकानात ऐकवलं जातं. ते चूक आहे. तिच्या आत ३२-३२ बिटांचे दोन उपभाग असतात, दोन्ही मिळून ६४ बिटच. खऱ्या ड्युअल चॅनलला १२८ लागतात.

त्यामुळे ८-८ची जोडी.

रामशेज
@गोदाकाठ, डीडीआर५मध्ये ८ जीबीची स्टिक हा कमकुवत माल आहे. तिच्यावर चारच चिपा असतात आणि आतले बँक ग्रुप (मेमरीचे आलटून-पालटून काम करणारे गट) निम्मे. तीच स्पीड छापलेली असली तरी १६च्या स्टिकपेक्षा ती मागे पडते. आणि पुढे ३२ करायचे तर चार स्टिक होतील. एएम५वर चार स्टिक लावल्या की वेग थेट ३६००पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून आज १६ची एक, नंतर तीच दुसरी.

गोदाकाठ
‘तीच दुसरी’ मिळेलच याची खात्री नाही. त्याच मॉडेल नंबरखाली आतल्या चिपा बदललेल्या असतात. मग एक्स्पो लागत नाही किंवा मध्येच निळा पडदा येतो. जोडी म्हणून विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात.

तपोवन
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून क्रम असा ठेवा. झेपलं तर १६-१६ची जोडी, ६००० सीएल३० (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा उशीर, कमी तेवढा बरा), एएम५साठी हे माप अगदी नेमकं बसतं. सीएल३६ स्वस्त मिळाली तरी चालेल. नाहीच झेपलं तर व्हिडिओ एडिटिंग आहे म्हणून एक १६ची घ्या, आणि भाव उतरल्यावर ती विकून जोडी आणा. ८-८ सगळ्यात शेवटी.

बोर्डाच्या क्यूव्हीएल (बोर्ड कंपनीने तपासलेल्या रॅमच्या) यादीत आपला रॅम नंबर आहे का पाहा. यादीत नाही म्हणजे चालणार नाही असं नसतं, पण असला तर जीव शांत राहतो.

द्राक्षवेल
कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. मंडळी, यावर अजून कोणी बोललं कसं नाही? या यादीतली सगळ्यात धोक्याची ओळ हीच आहे.

त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात, त्यांना १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. वर ५०० लिहिलेलं आणि १२ व्होल्टला २० अँपिअर असेल तर तुमच्या हाती २४० वॅटच आहेत. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टचे, ज्यांचा आजच्या पीसीला फारसा उपयोग नाही. ५०६०साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते.

बऱ्या कंपनीचा ६५० वॅट ‘८० प्लस ब्रॉन्झ’ घ्या, पाच वर्षं वॉरंटीचा. आणि एक गैरसमज : ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. आतली संरक्षणं नीट काम करतात का, हे तो सांगत नाही. म्हणून त्या नेमक्या मॉडेलची चाचणी शोधून वाचा.

मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी. सॉकेटमध्ये फिट बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क तिथल्या तिथे जळते.

सिडकोकर
प्रोसेसरची ८ पिनी आणि कार्डाची ८ पिनी केबल सारखीच दिसते हो.

द्राक्षवेल
दिसते, आहे मात्र उलटी. प्रोसेसरची ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२. एकात १२ व्होल्ट जिथे असतात तिथे दुसऱ्यात ग्राउंड. टोकावर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआयई’ छापलेलं असतं, ते वाचून मगच लावा. सहज जात नसेल तर थांबा.

ब्रह्मगिरी
यूपीएसचा हिशोब मांडतो. प्रोसेसर ८८, कार्ड १४५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ५५. झाले २९० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३४० ओढणार. त्यात मॉनिटरचे २५-३०. म्हणजे ३७०च्या घरात. ६०० व्हीएचा यूपीएस देतो ३६० वॅट. डेस्कटॉपवर बसलात तर चालेल, पण गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस कोकलून बंद. १००० किंवा ११०० व्हीए घ्या.

घेतल्यावर गेम चालू ठेवून भिंतीचा प्लग काढून बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर खरी साइन वेव्ह देत नाहीत आणि काही एसएमपीएसना ते मानवत नाही. परत करायची मुदत आहे तोवरच ही तपासणी करा.

घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर मागे ‘यूपीएस मोड’चा खटका असतो, तो चालू हवा. एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद विजेविना तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

अंजनेरी
कॅबिनेट काचेचं म्हणजे पुढूनही काच का? तसं असेल तर बदला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. खोलीचं तापमान दहा अंश वाढलं की आतलंही साधारण तेवढंच वाढतं. ७६०० ९५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करतो. पुढे जाळी, तिच्यामागे आत हवा ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की धूळ जाळीतूनच येते, फटींमधून नाही. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

मापं तीन बघा : कार्डाची लांबी, कूलरची उंची, बोर्डाचा आकार. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिमीच्या आसपास जातात. मोठा टॉवर कूलर १५५-१६० मिमी उंच. कॅबिनेटच्या माहितीत दोन्हींची कमाल मर्यादा दिलेली असते. मायक्रो एटीएक्स बोर्ड लावताना ज्या जागी बोर्डाला भोक नाही, तिथला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) काढून टाका. तो बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट.

आणि ५०६०ला तीन पंखे लागतच नाहीत. १४५ वॅटला दोन पंखे पुष्कळ. त्या पैशात ५०० जीबीची एसएसडी १ टीबी होते का बघा. हल्लीचा एकेक मोठा गेम शंभर जीबी खातो.

पांडवलेणी
कार्डाबद्दल : एडिटिंग असेल आणि कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी मॉडेल आधी बघा. त्याला पूर्ण सोळा लेन आहेत आणि वीज १६० वॅट. त्याच नावात ८ जीबीचंही येतं, डब्यावरचा आकडा वाचून घ्या.

रामशेज
कार्ड गेमला उत्तम. पण भाची वापरणार ते एडिटिंगचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कूडावर (फक्त त्यांच्याच कार्डांवर चालणारी सोय) अवलंबून असेल तर ५०६० बरं. आधी तिला विचारा.

सिडकोकर
खरेदी कुठून करावी? मुंबईला जाणं परवडतं का?

ब्रह्मगिरी
लॅमिंग्टन रोडला माल जास्त, भाव खाली-वर. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळच्या पंचवटीने परत. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. पण बोर्ड आणि एसएमपीएस नाशिकमध्ये घ्यायला माझं झुकतं माप. वॉरंटीसाठी खेटे घालायला शरणपूर रोड परवडतो, ग्रँट रोड नाही. कुठूनही घ्या, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या.

सोमेश्वर
सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदाराने बोर्डाची चूक मान्य करून यादी बदलून दिली. आता असं आहे : रायझन ५ ७६०० डब्यातला, बी६५०एम, फ्लॅशबॅक बटणासह, चार स्लॉटचा. १६ जीबीची एक स्टिक डीडीआर५ ६०००. आरटीएक्स ५०६० दोन पंख्यांचं (तिचं सॉफ्टवेअर कूडावर चालतं). १ टीबी एनव्हीएमई. जाळीचं कॅबिनेट, ६५० वॅट ब्रॉन्झ. यूपीएस ११००. जोडणार आम्ही दोघं घरीच. जोडताना काय सांभाळू?

चामरलेणी
यादी आता चोख आहे. जोडणी टेबलावर, बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर सुरू करा. हिवाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

सॉकेटवरचं काळं प्लास्टिक आधी काढू नका. तार उचला, फ्रेम उघडा, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, सरळ वरून अलगद ठेवा. दाबायचं नाही, सरकवायचं नाही. फ्रेम मिटवून तार खाली आणताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. तो येणारच. त्याच क्षणी ते प्लास्टिक आपोआप सुटून वर येतं. जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना लागतं.

डब्यातल्या कूलरच्या बुडाला पेस्ट लावलेली असते, वरून आणखी नको. हा कूलर चार स्क्रूचा, म्हणून सॉकेटच्या बाजूचे दोन प्लास्टिक कंस आधी काढावे लागतात. एएम५मध्ये मागची पट्टी सॉकेटलाच जखडलेली असते, ती निसटत नाही. स्क्रू कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, थोडे थोडे.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. म्हणजे ए२. एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पट्टीवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढा. हे हमखास राहतं.

द्राक्षवेल
२४ पिनी कनेक्टर अर्धवट बसलेला असतो, लॉक खटकन अडकला पाहिजे. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही.

सोमेश्वर
जोडलं. पंखे फिरताहेत, पडदा काळा. बोर्डावर ‘डीआरएएम’चा पिवळा दिवा लागून राहिलाय. चार मिनिटं झाली.

तपोवन
हात लावू नका, बंदही करू नका. एएम५ पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेळेचा मेळ बसवतो. दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. त्यानंतरही दिवा तसाच राहिला तर प्लग काढा, स्टिक काढून दोन्ही टोकं खटकेपर्यंत पुन्हा बसवा.

सोमेश्वर
सातव्या मिनिटाला डिस्प्ले आला! पण बायोसमध्ये रॅम ४८०० दिसतेय.

गोदाकाठ
ते मूळ सेटिंग. बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, सेव्ह करा, पुन्हा काही मिनिटं काळा पडदा येईल. अजिबात उठलाच नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा. टीपीएम आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी) चालू आहे का तेही बघून घ्या, विंडोज ११वर व्हॅलोरंट गेम त्याशिवाय उघडत नाही. विंडोज टाकताना इंटरनेट मिळालं नाही तर लॅनचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर आणा. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ निवडा, नाहीतर तो ६०वरच बसून राहील.

सोमेश्वर
६००० झालं, १६५ही लागलं. एकच : कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

ब्रह्मगिरी
अर्थिंग मिळत नाहीये. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी कमी असतो, पण तो जमिनीत जायला वाट लागते. आधी यूपीएसची वायर दोन पिनी जोडणीत किंवा अर्थ नसलेल्या एक्स्टेंशनमध्ये आहे का बघा. थेट भिंतीत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि पीसीवर लोड असताना न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. अर्थची पिन मोकळीच असेल तर मीटर भलताच आकडा दाखवेल. तोवर पीसी बंद आणि प्लग काढून ठेवा, यूएसबी किंवा मॉनिटरची केबल चालू पीसीत काढ-घाल करू नका.

सोमेश्वर
एक्स्टेंशन दोन पिनीच निघालं. यूपीएस थेट भिंतीतल्या तीन पिनीला लावला, झिणझिण्या गेल्या. तरी रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय, मोजून घेतो आणि आकडा इथे टाकतो.